चावी आता पाऊचात झोपते

आमचं घर वरूड तालुक्यात, संत्र्याच्या पट्ट्यात. गाडी ओसरीसमोर, चावी दाराजवळच्या खुंटीला. मध्ये जेमतेम दहा फूट. बटणावर सुरू होणाऱ्या गाडीला हेच अंतर घातक, हे पुतण्यानं सांगितलं तेव्हा कळलं. गाडी साधारण १२५ किलोहर्ट्झवर चावीला हाक मारते, चावी ओ देते. चोर बहुतेक दोघं असतात. एक घराच्या भिंतीशी, एक गाडीशी. यंत्रानं ती हाक लांबवली की गाडीला वाटतं, मालक जवळच आहे. ना काच फुटत, ना अलार्म वाजत.

पहिले चावी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकली. डबा घेऊन गाडीजवळ उभा राहिलो, हँडलवरचं बटण दाबलं. खट्ट! उघडली की. झाकण ढिलं होतं. बायको म्हणाली, "अवो, एवढं करून राह्यले त् गोठ्यातच पुरून ठेवा ना चावी."

शेवटी फॅरेडे पाऊच मागवला, म्हणजे चावीची हाक-ओ अडवणारी, आतून धातूचं अस्तर असलेली पिशवी. तीच परीक्षा घेतली, गाडी ढिम्म. कपाटातली दुसरी चावीही पाऊचातच. ती विसरली तर सगळं फुकट. घडीवर आतलं अस्तर चिरतं, म्हणून महिन्यातून एकदा बटण दाबून पाहतो.

शिवाय स्टिअरिंगला लोखंडी लॉक. काच फोडून, डॅशबोर्डखालच्या ओबीडी पोर्टातून (मेकॅनिक गाडी तपासायला यंत्र जोडतो ती खाच) नवी चावी जुळवणाऱ्याला पाऊच काय करणार? लॉक रोज लावायचा कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू. घरात त्याला सगळे 'जू' म्हणतात.