चौकाची कोंडी सोडवताना या चुका टाळा

पुण्याच्या विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल जुलै २०२० मध्ये पाडण्यात आला. गणेशखिंड रस्ता, औंध, बाणेर, पाषाण आणि सेनापती बापट रस्ता या दिशांची वाहतूक तिथे एकत्र येते आणि तिची कोंडी फोडण्यासाठीच तो पूल बांधलेला होता. पण जेमतेम दीड दशकात तोच मेट्रोच्या आणि नव्या दुमजली पुलाच्या वाटेतला अडथळा ठरला. एवढ्या मोठ्या चौकाचे निर्णय वॉर्डपातळीवर होत नाहीत, हे खरे. तरीही आधी उपाय ठरवायचा आणि मग त्याला साजेसे दुखणे शोधायचे, ही चूक शाळेजवळच्या किंवा भाजी मंडईसमोरच्या साध्या चौकातही होते. हा लेख नागरिक समित्या, गृहसंस्थांचे पदाधिकारी आणि पालिकेच्या पथ विभागातील अभियंते यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो: आपले बहुतेक चौक लहान असल्यामुळे तुंबत नाहीत, ते अस्ताव्यस्त मोठे असल्यामुळे तुंबतात.

थांबरेषेवर उभे राहून वाहने मोजणे

पहिली चूक मोजणीत होते. सल्लागाराची माणसे थांबरेषेपाशी खुर्ची टाकून बसतात आणि तासाभरात किती वाहने गेली याच्या रेघा ओढतात. रस्ता आधीच तुंबलेला असेल तर अशा मोजणीतून फक्त निचरा कळतो, मागणी कळत नाही, कारण मागे दोनशे मीटरवर अडकलेली वाहने त्या तक्त्यात येतच नाहीत. म्हणून दर १५ मिनिटांनी प्रत्येक बाजूची रांग कुठपर्यंत पोहोचली हेही लिहून ठेवावे. विजेच्या खांबाचा क्रमांक किंवा दुकानाची पाटी एवढी खूण त्यासाठी पुरते. मोजणी सकाळी आणि संध्याकाळी, शाळा सुरू असलेल्या कामाच्या दिवशी करावी आणि सरळ, डावीकडे, उजवीकडे व उलट फिरणारी वाहने वेगवेगळी नोंदवावीत.

दुसरे म्हणजे, मोजायचे काय? रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शिकेत मोटार हे एकक धरून इतर वाहनांचे वजन ठरवलेले आहे: दुचाकी अर्धे ते पाऊण, तर बस साधारण सव्वादोन ते पावणेचार. रस्त्याची जागा मोजायला हे माप योग्यच आहे. पण पन्नास प्रवाशांची बस आणि तीन रिकाम्या मोटारी त्यात जवळजवळ सारख्याच दिसतात आणि पायी चालणारा तर त्यात मुळीच दिसत नाही. मोजणीच्या तक्त्यात रस्ता ओलांडणाऱ्यांचा आणि सायकलींचा रकाना नसेल तर पुढच्या आराखड्यातही त्यांना जागा मिळत नाही. हे कोणी मुद्दाम करते असे नाही, छापील तक्ताच तसा असतो.

हिरवा दिवा लागूनही वाहने सुटत नसतील तर

या तक्रारीवर सिग्नलची वेळ वाढवून द्या अशी मागणी लगेच होते. त्याआधी चौक ओलांडून पलीकडे पन्नास मीटर चालत जाऊन पाहावे. अडथळा बहुतेक वेळा तिथे असतो: चौक संपताच बसथांबा, त्याच्यापुढे रिक्षांची रांग, मिठाईच्या दुकानासमोर दोन ओळींत उभ्या दुचाकी, किंवा दुभाजकात कोणीतरी आग्रहाने मिळवलेली उलट फिरण्याची फट. बाहेर पडण्याची वाट बंद असताना आत सोडलेले प्रत्येक वाहन चौकाच्या मध्यावर थांबते आणि आडव्या दिशेचा हिरवा दिवाही वाया घालवते. रिक्षांना निश्चित खाचा देणे, दुभाजकातली फट दूर सरकवणे आणि चौकाच्या मध्यभागी पिवळी जाळी आखून तिच्यात थांबणाऱ्यावर खरोखर कारवाई करणे, ही कामे सिग्नलच्या नव्या यंत्रणेपेक्षा कितीतरी स्वस्त आहेत. बसथांब्याबाबत एक सावधगिरी हवी. तो हलवायचाच झाला तर फार लांब नेऊ नये, नाहीतर प्रवासी जुन्याच जागी हात करतात आणि चालकही तिथेच ब्रेक मारतो.

आत येणाऱ्या बाजूचे गणित तर आणखी बोलके आहे. भारतीय मापदंडानुसार थांबरेषेवर सात मीटर मोकळी रुंदी असेल तर हिरव्या दिव्याच्या तासाला, म्हणजे दिवा सलग तासभर हिरवा धरला तर, सुमारे ३,६७५ मोटार-एकके सुटू शकतात. तिथेच अडीच मीटर जागा उभ्या टेम्पोने किंवा फळांच्या हातगाडीने व्यापली आणि साडेचार मीटर उरले, तर हा आकडा सुमारे २,२५० पर्यंत खाली येतो. म्हणजे एका टेम्पोने जवळजवळ चाळीस टक्के हिरवा दिवा खाल्ला. रस्तारुंदीसाठी भूसंपादनाचा प्रस्ताव करण्याआधी हा टेम्पो कोणाचा आणि तो तिथे का उभा राहतो याची चौकशी करावी; बहुतेकदा जवळपास माल उतरवायला जागाच ठेवलेली नसते.

सिग्नलचे चक्र लांबवत नेणे

गर्दी वाढली की सिग्नलचे चक्र, म्हणजे सगळ्या दिशांना एकेकदा सोडून होईपर्यंतचा वेळ, १२० सेकंदांवरून १८० वर नेले जाते. चार दिशांना आळीपाळीने सोडणाऱ्या चौकात प्रत्येक बदलाला साधारण चार सेकंद वाया जातात, म्हणजे एका चक्रात १६. चक्र १२० सेकंदांचे असेल तर उपयोगी वेळ ८७ टक्के असतो आणि १८० चे केले तर ९१ टक्के होतो. या चार टक्क्यांसाठी प्रत्येकाची वाट पाहण्याची वेळ दीडपट होते, रांग मागच्या चौकात शिरते आणि पायी चालणारा कंटाळून लाल दिव्यातच पाऊल टाकतो. शिवाय लांबलेल्या हिरव्या दिव्याच्या उत्तरार्धात वाहने तुरळक सुटतात, कारण थांबरेषेजवळ पसरलेली दुचाकींची गर्दी पहिल्या काही सेकंदांतच निघून गेलेली असते.

योग्य चक्र किती सेकंदांचे हे काढण्यासाठी ब्रिटिश संशोधक वेबस्टर यांनी १९५८ मध्ये मांडलेले सूत्र आजही हिशेबाला उपयोगी पडते: वाया जाणाऱ्या वेळेची दीडपट करून तीत पाच मिळवावेत आणि त्या बेरजेला, रस्त्याची क्षमता किती अंशाने भरली आहे तो अपूर्णांक एकातून वजा करून जे उरते, त्याने भागावे. वाया वेळ १६ सेकंद आणि हा अपूर्णांक, म्हणजे भार, ०.७ असेल तर योग्य चक्र ९७ सेकंदांचे येते. उजवे वळण दुसरीकडून देऊन एक टप्पा कमी करता आला आणि भार तेवढाच राहिला, तर वाया वेळ १२ होऊन चक्र ७७ सेकंदांवर येते. उलट भार ०.८५ झाला तर तेच सूत्र चार टप्प्यांसाठी १९३ सेकंद सांगते. याचा अर्थ १९३ सेकंदांचा सिग्नल लावावा असा घेऊ नये. टेम्पो हलवून भार कमी करावा, असा घ्यावा. हवालदाराने हाताने वाहतूक सोडताना एका बाजूला चार-चार मिनिटे देणे हा याच चुकीचा मानवी अवतार आहे, आणि भर उन्हात उभ्या असलेल्या त्या माणसाला त्याबद्दल दोष देणे मला जड जाते.

कोपरे गोल करत जाणे आणि ‘फ्री लेफ्ट’

वाहने सहज वळावीत म्हणून पदपथाचा कोपरा कापून गोल केला जातो. कोपऱ्याची त्रिज्या १२ मीटर असेल आणि झेब्रा पट्टे आडव्या रस्त्याच्या कडेपासून तीन मीटर मागे असतील, तर पायी चालणाऱ्याला त्या एका कोपऱ्यावरच सुमारे चार मीटर जास्त रस्ता ओलांडावा लागतो. त्रिज्या पाच मीटर ठेवली तर हेच अंतर अर्ध्या मीटरच्या आत राहते. दोन्ही कोपरे धरले तर सात मीटरचा, म्हणजे नेहमीच्या चालीने सहा सेकंदांचा फरक पडतो. ही सहा सेकंदे अखेर सिग्नलमधूनच जातात, त्यामुळे गोल कोपऱ्याने वाहनचालकाचाही फायदा होतो असे म्हणता येत नाही. बस वळत असलेला कोपरा तेवढा तपासून ठरवावा.

डावीकडे न थांबता जाण्याची मोकळी मार्गिका हा त्याचाच पुढचा प्रकार आहे. तिथे वेग कमी होत नाही आणि चालक उजवीकडून येणारी वाहने पाहत असल्यामुळे डावीकडच्या माणसाकडे त्याचे लक्ष नसते. मार्गिका ठेवायचीच असेल तर तिच्यावर पदपथाच्या उंचीचा ओलांडपट्टा बांधावा, म्हणजे वाहन चढून उतरेल आणि माणूस सपाट चालेल.

झेब्रा पट्टे आखून पादचाऱ्यांचा विषय संपवणे

गेल्या वर्षी एका चौकात संध्याकाळी दोन तास मोजणीसाठी उभा होतो. झेब्रा पट्टे नुकतेच रंगवलेले आणि ठळक होते. पण ते रस्त्याच्या मध्यावर थेट गुडघाभर उंच दुभाजकावर जाऊन आपटत होते, कारण दुभाजकात फटच ठेवलेली नव्हती. एक आजी आधी भाजीची पिशवी दुभाजकावर ठेवत, मग दोन्ही हात टेकून एक पाय वर घेत, आणि पलीकडून एखादा दुचाकीस्वार थांबला तरच उतरत. पलीकडच्या कोपऱ्यावर उतरता कर्ब, म्हणजे पदपथाची उतरती कड, होता, पण त्याच्या बरोब्बर तोंडाशी विजेची पेटी आणि तिला टेकवलेला शुभेच्छांचा फलक. कागदावर या चौकात पादचारी सुविधा पूर्ण झालेली होती.

अशा वेळी वेळेचा हिशेब घालून पाहावा. साधारण चाल सेकंदाला १.२ मीटर धरतात, म्हणजे २४ मीटर रस्त्याला २० सेकंद लागतात. आजींची चाल ०.९ धरली तर २७. सिग्नलवर हिरवा माणूस १२ सेकंद दिसत असेल तर तो सिग्नल तरुणांनाही पळायला लावतो. इतका वेळ एकदम देता येत नसेल तर दुभाजकापाशी दोन मीटर रुंद, सपाट आणि खांबांनी संरक्षित अशी थांबण्याची जागा करावी, म्हणजे दोन टप्प्यांत ओलांडता येते. थांबरेषा पट्ट्यांच्या मागे पुरेशी ठेवावी आणि कर्बची उंची १५ सेंटिमीटरच्या आत असावी.

पादचारी पूल हा पर्याय म्हणून सुचवणाऱ्यांनी एकदा पायऱ्या मोजाव्यात. रस्त्यावर साडेपाच मीटर मोकळी उंची आणि पुलाची जाडी धरून सहा मीटर चढायचे तर १५ सेंटिमीटरची एक याप्रमाणे ४० पायऱ्या चढाव्या आणि तितक्याच उतराव्या लागतात. महामार्गावर याला इलाज नसतो. पुण्यातल्या महामार्गावरच्या चांदणी चौकात ऑक्टोबर २०२२ मध्ये जुना पूल पाडून ऑगस्ट २०२३ मध्ये नवी बहुपदरी रचना खुली झाली, तेव्हा वाहनांची सोय झाली आणि पायी ओलांडणाऱ्यांसाठी पूल द्या ही मागणी त्यानंतरही करावी लागली. शहरातल्या सिग्नलच्या चौकात मात्र माणसाला वर चढवून वाहनाला सपाट सोडणे हा न्याय उलटा आहे.

सायकलची पट्टी चौकाच्या आधी संपवणे

सायकलमार्ग जिथे सर्वांत जास्त हवा, त्या चौकातच तो गायब होतो आणि त्याच्या शेवटी मोटारसायकली अडवणारे खांब इतके जवळ असतात की सायकलची मूठही अडकते. सरळ जाणाऱ्या सायकलस्वाराला मुख्य धोका त्याच्यासमोरून डावीकडे वळणाऱ्या वाहनाचा असतो. त्यासाठी कोपऱ्यावर लहान बेट बांधून वळणारे वाहन सावकाश आणि जवळजवळ काटकोनात वळेल असे करावे, म्हणजे चालकाला सायकल समोर दिसते. उजवीकडे जाणाऱ्याला सरळ पलीकडे जाऊन तिथल्या रंगवलेल्या चौकटीत थांबून मग वळता यावे. आणि एक बारीक गोष्ट, जिच्यासाठी निविदा लागत नाही: पावसाळी गटाराच्या जाळीचे गज रस्त्याच्या दिशेला समांतर असतील तर अरुंद टायर त्यात घुसतो. जाळी काटकोनात फिरवून बसवायची, एवढेच काम असते.

थेट काँक्रीट ओतणे

आराखडा कितीही चांगला असला तरी तो आधी शंकू, पाण्याने भरलेले अडथळे आणि रंग वापरून उभा करावा. मुंबईत वांद्र्याच्या एचपी जंक्शनवर आणि मालाडच्या मिठचौकीवर असे तात्पुरते प्रयोग झाले आहेत. पहिल्या दोन-तीन दिवसांचा गोंधळ पाहून प्रयोग गुंडाळू नये, निदान दोन आठवडे तो ठेवावा, आणि मोजणी ज्या वारी, ज्या तासात आधी केली त्याच वारी, त्याच तासात पुन्हा करावी. शंकूंच्या मागे जिथे धूळ आणि खडी साचते, तिथून एकही चाक जात नाही हे उघड दिसते. ती जागा निर्धास्तपणे पदपथाला द्यावी.

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या कलम १९८अ नुसार, रस्त्याच्या रचनेचे किंवा देखभालीचे सुरक्षा निकष न पाळल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आल्यास जबाबदार यंत्रणा, ठेकेदार किंवा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पत्रव्यवहारात या कलमाचा उल्लेख सभ्य शब्दांत जरूर करावा, कारण त्यानंतर फाइल थोडी लवकर हलते असा अनुभव आहे.

काम पूर्ण झाल्यावर शेवटची तपासणी उन्हाळ्यात उरकू नये. जुलैच्या पहिल्या जोरदार सरीत छत्री घेऊन चौकात उभे राहावे आणि पाणी कुठे साचते ते पाहावे. डबके उतरत्या कर्बसमोर असेल तर लोक पट्टे सोडून तिरके चालतात आणि सिग्नलची सगळी आखणी तिथे फुकट जाते. त्या ठिकाणी गटाराची जाळी पट्ट्यांच्या चढाकडील बाजूला हलवून घ्यावी, आणि रंग उडालेले पट्टे दिवाळीच्या आधी पुन्हा मारून घ्यावेत.