नेट निघाली, पीएच.डी. चालू आहे, पण वर्गाचं काय? होऊ घातलेल्या प्राध्यापकांनो, या चुका टाळा

पहिल्याच वर्षी मी एस.वाय.ला, म्हणजे पदवीच्या दुसऱ्या वर्षाला, अर्थशास्त्रातली मागणीची लवचिकता शिकवली: किंमत बदलली की मागणी किती बदलते ते. शेवटी विचारलं, "समजलं का?" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "हो सर." पुढच्या आठवड्यात सहज वह्या मागवल्या, तर मागच्या चार बाकांवरच्या मुलांचं सूत्र अर्धंच होतं. 'मागणीतील शेकडा बदल', खाली रेघ, आणि रेघेखाली काहीच नाही. मी सूत्र फळ्याच्या तळाशी लिहिलं होतं. रेघेखालचा 'किंमतीतील शेकडा बदल' पहिल्या बाकांवरच्या डोक्यांमागे गेला होता. आठवडाभर ती मुलं छेदाशिवायची लवचिकता घेऊन फिरत होती, आणि मी खुशीत होतो.

त्या वर्षी मी तीन चुका करत होतो, आणि नव्याने शिकवायला लागलेल्या जवळपास प्रत्येकाच्या तासाला मला त्या दिसतात.

"समजलं का?" विचारू नका

या प्रश्नाला नाही म्हणायची सोय आपल्याकडच्या वर्गात नाही. नाही म्हटलं की सगळी मुलं मान वळवून बघतात. त्याऐवजी तास संपायच्या पाच मिनिटं आधी अर्ध्या कागदावर एक गणित सोडवायला द्या: किंमत 10 टक्क्यांनी वाढली, मागणी 20 टक्क्यांनी घटली, लवचिकता किती? कागदावर नाव नको. स्टाफरूममध्ये चहा पिता पिता चाळले तरी कुठे अडलंय ते कळतं. कुणी अर्धा लिहील, कुणी दोन. अर्धा लिहिणारे बरेच असतील तर तुम्ही भागाकार उलटा पोचवला आहे, आणि उद्याचा तास तिथूनच सुरू करायचा.

मागच्या बाकावर बसून पाहा

तासाआधी दोन मिनिटं रिकाम्या वर्गात जा, फळ्यावर एक ओळ लिहा आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसा. खालचा भाग दिसत नाही, खिडकीमुळे एक कोपरा चमकतो, पंख्याच्या आवाजात पुढचं ऐकू येत नाही, हे बसल्याशिवाय कळत नाही. पीपीटीचंही तेच. स्लाइडवर जे आहे ते वाचून दाखवणार असाल तर ती मुलांच्या व्हॉट्सअॅपवर टाका आणि तो तास उदाहरणं सोडवण्यात घालवा.

प्रबंध वर्गात ओतू नका

पीएच.डी. करणाऱ्याला आपला विषय इतका भरून आलेला असतो की 48 मिनिटांच्या तासात तो चार सिद्धांत, सहा अभ्यासक आणि एक वाद कोंबतो. एका तासाला एकच गोष्ट पुरते. मिठाचा भाव वाढला तरी मीठ तेवढंच लागतं, हापूस महागला की आपण पेटीवरून डझनावर येतो. एवढ्यात अख्खा तास जातो आणि तो वाया जात नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी संज्ञा मराठी आणि इंग्रजी दोन्ही फळ्यावर लिहा. परीक्षेत नेमकी कुठली येईल ते त्यांच्या हातात नसतं.

आता मुळाचं. माध्यमिक शाळेत शिकवायला बी.एड. लागतं, कॉलेजात शिकवायला लागत नाही. लागते ती नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा: दोन पेपर, 150 प्रश्न, 300 गुण, तीन तास. पहिल्या पेपरात अध्यापन अभियोग्यतेचे प्रश्न असतात, पण तेही पर्याय निवडायचेच. राज्याच्या सेट परीक्षेचंही तेच. हातात खडू कुणी देत नाही. 'गुरु-दक्षता'सारखा महिनाभराचा प्रवेश कार्यक्रम येतो तो नेमणूक झाल्यावर, आणि आपल्याकडे त्याआधी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, किती वर्षं जातात हे मी सांगायला नको. तोवर सवयी पक्क्या झालेल्या असतात, बहुतेक चुकीच्या.

म्हणून यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या पीएच.डी. नियमांतली एक तरतूद मला महत्त्वाची वाटते. संशोधक विद्यार्थ्याने आपल्या विषयाच्या अध्यापनाचं आणि लेखनाचं प्रशिक्षण घ्यायचं, शिवाय ट्यूटोरियल, प्रयोगशाळा, मूल्यमापन यांसाठी आठवड्याला 4 ते 6 तासांचं काम त्याला देता येतं. इथे चूक विभागाची होते. "मला मीटिंग आहे, तेवढा माझा तास घे" आणि "हा पेपरांचा गठ्ठा तपासून टाक" यालाच प्रशिक्षण समजलं जातं. फुकटचा माणूस मिळाल्याचा आनंद मी समजू शकतो, पण त्यातून शिक्षक तयार होत नाही.

गठ्ठा द्यायचाच तर आधी बसून नमुना उत्तर आणि गुणांची वाटणी ठरवा. पहिले पाच पेपर दोघांनी वेगवेगळे तपासा, मग ताडून पाहा. नवा परीक्षक सुरुवातीला कडक असतो आणि तिसाव्या पेपरापर्यंत थकून सढळ होतो. ते ओळखायचं तर गठ्ठा संपल्यावर पहिले पाच पुन्हा काढायचे.

संशोधकांनो, तुम्हीही नुसती ऑनलाइन कोर्सची प्रमाणपत्रं गोळा करू नका. गाइडना म्हणा, "सर, मी एकच घटक सलग सहा तास घेतो. त्यातल्या दोन तासांना तुम्ही मागे बसा." बहुतेक गाइड आधी टाळतील, पुन्हा म्हणा. आणि तुम्ही दुसऱ्यांच्या तासाला बसा, शक्यतो वेगळ्या विषयाच्या. विषय कळत नसला की शिकवणं कसं चाललंय ते लख्ख दिसतं. सहायक प्राध्यापक झालात की आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष अध्यापन अंगावर येतं. तेव्हा हे करायला सवड नसते.

गाइडनी मागे बसून भाषेवर, उच्चारांवर, शर्टावर शेरे मारू नयेत. तीनच गोष्टी टिपाव्यात: पहिला प्रश्न कितव्या मिनिटाला विचारला, उत्तरासाठी किती सेकंद थांबला, आणि कोणत्या बाकांकडे एकदाही पाहिलं नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने प्रश्न विचारून दोन सेकंदांत स्वतःच उत्तर दिलं, असं एका तासात नऊ वेळा. मी तिला फक्त तो आकडा दाखवला. पुढच्या तासाला ती प्रश्न विचारून गप्प उभी राहिली, डस्टर घट्ट धरून. बऱ्याच वेळाने तिसऱ्या बाकावरून एक हात वर आला.