क्यूब्स ओएस: बिघडलेलं डेबियन टेम्प्लेट पुन्हा बसवलं, माझा अनुभव

भांडुपला अपडेट चालू असतानाच लाइट गेली आणि क्यूब्समधलं (प्रत्येक काम वेगळ्या आभासी मशीनमध्ये ठेवणारी ऑपरेटिंग सिस्टिम) डेबियन १२ टेम्प्लेट, म्हणजे अ‍ॅप चालवणारी मशीन ज्यावर उभी असतात तो डेबियन लिनक्सचा मूळ साचा, बिघडलं. त्यावरचं एकही अ‍ॅप उघडेना. फायलींची काळजी नव्हती, त्या प्रत्येक अ‍ॅपक्यूबच्या (टेम्प्लेटवर चालणाऱ्या मशीनच्या) होम फोल्डरमध्ये असतात.

टेम्प्लेट बंद केलं. डॉम-झीरोच्या (सगळ्या मशीनवर नियंत्रण ठेवणाऱ्या मुख्य भागाच्या) टर्मिनलमध्ये 'क्यूव्हीएम-टेम्प्लेट रीइन्स्टॉल' आणि पुढे टेम्प्लेटचं नाव टाकलं. डॉम-झीरोला स्वतःचं नेट नसतं, डाउनलोड अपडेट-व्हीएम या नेट असलेल्या वेगळ्या मशीनमार्फत येतं. ही रचना मला मनापासून आवडते.

मात्र टेम्प्लेटमध्ये आपण टाकलेलं सगळं पुसलं जातं. मराठी टायपिंगसाठीचं आयबस, लोहित फॉन्ट, सगळं परत टाकावं लागलं. टेम्प्लेट सुरू होत असेल तर पॅकेजची यादी आधी काढून घ्याच. मग अपडेट करून टेम्प्लेट बंद केलं, अ‍ॅपक्यूब रीस्टार्ट केले आणि ब्राउझर उघडला.