जुन्या सोन्याच्या खाणींचा सर्व्हे: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

माझं गाव देगलूर तालुक्यातलं, एम.एस्सी. भूशास्त्र नांदेडला. आपला मराठवाडा बहुतेक सगळा बेसाल्टचा आणि त्यात सोनं नाही. म्हणून जुन्या खाणी बघायला मी रायचूर जिल्ह्यातल्या हट्टी-मस्की पट्ट्यात गेले. एकेकाळी दोन्ही मुलूख निजामाच्याच राज्यात होते.

तिथला काळपट हिरवा खडक मला घरचाच वाटला. तोही मुळात लाव्हाच, पण २५० कोटी वर्षांहून जुना आणि दाबाखाली पार बदललेला. आपला साडेसहा कोटींचा. आपल्या शेतातली गारगोटी खडकाच्या पोकळीत भरलेली असते. तिथे गारेची, म्हणजे त्याच गारगोटीच्या दगडाची, शीर लांबवर धावते, आणि सोनं त्या शिरेत नि काठच्या चिरडलेल्या खडकात असतं. आधी देगलूर-बिलोलीकडचा ग्रॅनाइट आणि नाइस (पट्टेदार रूपांतरित खडक) हिंडून बघा, डोळा तयार होतो.

जुनी खाण झाडोऱ्यात पटकन दिसत नाही. एका रेषेत बुजलेले खड्डे आणि शेजारी गारेच्या खपल्यांचे ढीग दिसले की थांबा. एका खडकावर मला उखळासारखे गुळगुळीत खळगे सापडले. खनिज इथेच कुटलं जायचं. आत हात फिरवला तर वाड्यातल्या उखळाचाच स्पर्श! हट्टीच्या जुन्या खाणीतल्या लाकडाचं वय सुमारे २००० वर्षं निघालंय. खडक आगीनं तापवून फोडत, म्हणून कोळसा आणि राखही बघा. मस्कीचा अशोकाचा शिलालेखही १९१५ मध्ये सी. बीडन या सोन्याच्या खाणींच्या इंजिनिअरलाच सापडला.

खड्डे मेंढपाळांना ठाऊक असतात. ‘गुंडी एल्ली?’, म्हणजे खड्डा कुठे, एवढं कानडी आलं तरी माणसं सोबत चालत येतात.

माझा एक अख्खा दिवस नकाशानं खाल्ला. जुन्या टोपोशीटवरचे (सरकारी भू-नकाशावरचे) अक्षांश-रेखांश तसेच जीपीएसमध्ये टाकले आणि खड्डा काही सापडेना. अक्षांश-रेखांश पृथ्वीचा कुठला आकार धरून मोजले, तो आधार म्हणजे डेटम. जुनी शीट एव्हरेस्ट डेटमवर, जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ वर; जागा शंभरएक मीटर किंवा जास्तच सरकते. वहीत प्रत्येक बिंदूपुढे डेटम लिहा.

नमुना घेताना अंगठी, बांगड्या काढून पिशवीत ठेवा. टनाला ३ ग्रॅम सोनं म्हणजे ५० ग्रॅमच्या पुडीत फक्त ०.१५ मिलिग्रॅम. अंगठीचा नुसता कीस पडला तरी आकडा खोटा होतो. सराफ्यातला केर धुणाऱ्या झारेकऱ्यांना किसाची किंमत पक्की माहीत असते. नमुन्याचा चर, म्हणजे खडकात खोदलेली अरुंद खाच, शिरेला आडवा घ्या, काठचा खडक वेगळ्या पिशवीत भरा. चमकणाऱ्या गारेचाच तुकडा उचलायचा मोह होतो; तो नमुना कामाचा नाही.

आणि खड्ड्यात उतरू नका. जुन्या आडात गुदमरून माणसं गेल्याचं आपल्या गावागावांत ऐकलेलं आहे. इथेही तळाशी जड हवा साचते. कंदील विझला नाही म्हणून हवा चांगली असं समजू नका. कडाही ठिसूळ असतात, कपारीत आग्या मोहोळ असतं. मी कडेपासून दोन हात लांब पालथी पडून, टेपला दगड बांधून खोली मोजते. दुसरा माणूस माझे पाय धरून बसतो.