मनगट लुळं पडल्यावर: टेंडन फिरवण्याच्या ऑपरेशनआधी आणि नंतर

विळा दंडात खोल घुसला किंवा मोटारसायकलवरून पडून दंडाचं हाड मोडलं, आणि त्यानंतर मनगट खाली लोंबायला लागलं, तर बहुतेक वेळा रेडियल नस (मनगट आणि बोटं उघडणाऱ्या स्नायूंना मेंदूचा संदेश पोचवणारा मज्जातंतू) दुखावलेली असते. बोटं मिटतात, उघडत नाहीत. मूठही ढिली पडते. चांगल्या हाताचं मनगट खाली वाकवून मूठ आवळून पाहा, म्हणजे कारण कळेल.

धारेने नस तुटली असेल तर पहिल्या काही दिवसांतच शिवून घ्या. जखम न होता हाड मोडलं असेल तर बहुतेकांची नस आपोआप सुधारते, म्हणून तीन-चार महिने वाट पाहतात. ३-४ आठवड्यांनी ईएमजी-एनसीव्ही (नस आणि स्नायू किती काम करतात ते दाखवणारी तपासणी) करून घ्यावी. नस दिवसाला साधारण १ मिलिमीटरच वाढते आणि १२ ते १८ महिन्यांनंतर स्नायू ती स्वीकारत नाही. अशा वेळी चालू स्नायूचं टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) काढून बंद पडलेल्या कामाला जोडतात.

या वाट पाहण्यातच हात वाचतो किंवा वाया जातो. सांधे आखडले तर उत्तम ऑपरेशनही फुकट जातं, कारण नवा स्नायू आखडलेला सांधा हलवू शकत नाही. मनगट वर धरणारी पट्टी लावा. दिवसातून चार-पाच वेळा दुसऱ्या हाताने प्रत्येक बोट, अंगठा आणि मनगट दहा-दहा वेळा पूर्ण उघडा-मिटा. जळगाव-धुळ्याच्या मे महिन्यात पट्टीखाली घाम साचतो. आत सुती कापड घाला, रोज बदला. पट्टी काढल्यावर वीस मिनिटांनीही लाल डाग राहिला तर ती सैल करून घ्या. तेलाच्या मालिशने नस जुळत नाही, आणि बधिर कातडीला गरम शेक दिला तर भाजलेलं कळतही नाही.

ऑपरेशनात साधारणपणे प्रोनेटर टेरिस (तळवा पालथा करणारा स्नायू) मनगट उचलायला, मनगट वाकवणारं एक टेंडन बोटं उघडायला आणि पाल्मारिस लाँगस (मनगटाच्या मधोमध असलेलं बारीक टेंडन) अंगठ्याला देतात. पाल्मारिस काहींना जन्मतःच नसतं: अंगठा व करंगळी जुळवून मनगट किंचित वाकवा, मधोमध दोरी वर आली तर ते आहे. फिरवलेल्या स्नायूची ताकद एक पायरी घटते, म्हणून मुळात तो दणकट हवा.

प्लास्टर ३ ते ४ आठवडे. हात हृदयापेक्षा उंच ठेवा. बोटं निळी पडली किंवा दुखणं वाढत गेलं तर रात्रीसुद्धा दवाखाना गाठा. लवकर प्लास्टर काढलं की टाका ताणला जातो, मनगट पुन्हा लोंबतं.

मग मेंदूला नवी वाट शिकवायची. तळवा पालथा करण्याचा प्रयत्न करतच मनगट उचला, म्हणजे प्रोनेटर जागा होतो. सहा आठवड्यांपर्यंत हलक्या हालचाली, पुढे हळूहळू ताकद. केळीचा घड उचलणं तीन महिन्यांआधी नाही. भाकरी थापणं त्याच्या अलीकडे, हलक्या हाताने सुरू होऊ शकतं, तेही फिजिओथेरपिस्टला विचारून. मनगट वर असताना बोटं पूर्ण ताणली जाणार नाहीत, यात ऑपरेशन फसलं असं समजू नका.