आधारची झेरॉक्स देताना पहिले 8 आकडे झाका

सोयाबीनच्या पेरणीआधी काय, शेगावला खोली घेताना काय, जो तो म्हणतो, “आधारचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाका.” आपण टाकतो, काम होतं, पण पूर्ण नंबर, जन्मतारीख, पत्ता असलेला तो फोटो त्या माणसाच्या मोबाइलमध्ये तसाच राहतो. मला ही गोष्ट फार खटकते.

यावर आधारच्याच साइटवर फुकट सोय आहे: मास्क्ड आधार. त्यात नंबराचे फक्त शेवटचे 4 आकडे दिसतात.

1. मोबाइलमध्ये ‘मायआधार डॉट यूआयडीएआय डॉट गव्ह डॉट इन’ (myaadhaar.uidai.gov.in) उघडा.
2. आधार नंबर आणि ओटीपी टाकून लॉगिन करा. आधारला मोबाइल नंबर जोडलेला हवा.
3. ‘डाउनलोड आधार’मध्ये मास्क्ड आधारच्या चौकोनात टिक करा, मग डाउनलोड.
4. फाइलचा पासवर्ड: आधारवरच्या इंग्रजी नावाची पहिली 4 अक्षरं कॅपिटलमध्ये आणि लगेच जन्माचं साल.

एकदा दोन-चार प्रिंट काढून घरी ठेवल्या की झालं. आईबाबांच्याही काढून ठेवा, त्यांच्याकडून तर कोणीही कार्ड मागून घेतं.

नुसती ओळख दाखवायची असेल तिथे ही प्रिंट चालते. योजनेच्या अर्जात मात्र पूर्ण नंबर लागतो. तो स्वतः समोर बसून भरून घ्या, फोटो पाठवू नका.

आणि ही फाइल मोबाइलऐवजी झेरॉक्स-ऑनलाइन सेंटरच्या कॉम्प्युटरवर काढली असेल, तर उठण्याआधी डाउनलोड्समधून आणि रिसायकल बिनमधूनही पुसून घ्या.