आफ्रिकेत मॉलेक्युलर लॅब उभी करायला चाललाय? मशीन सगळ्यात शेवटी घ्या

नागपुरातून कोणी कोलॅबोरेशनवर केनिया-युगांडाकडे पीसीआर लॅब (डीएनएच्या तुकड्याच्या कॉप्या वाढवून रोगजंतू ओळखायची मॉलेक्युलर लॅब) सेट करायला निघालं की पहिला प्रश्न ठरलेला, मशीन कोणतं घेऊ? राजेहो, मशीन शेवटी. आधी तिथल्या लोकांना विचारा की त्यांना नेमकं शोधायचंय काय, मलेरियाचा परजीवी की कसाव्यावरचा (म्हणजे तिथल्या कंदाच्या पिकावरचा) व्हायरस, कारण त्यावरच खोल्या, फ्रीजर, बजेट सगळं ठरतं.

आणि आपण तिथे शिकवायला चाललो हे डोक्यातून काढून टाका. मार्च 2020 मध्ये आफ्रिकेतला पहिला कोविड जीनोम काढला तो नायजेरियातल्या एडे शहरातल्या एसेगिड या जीनोम संशोधन सेंटरनी, आणि नोव्हेंबर 2021 मध्ये ओमिक्रॉन पकडला तो बोत्सवाना आणि साऊथ आफ्रिकेच्या लॅबनी. माणसं हुशारच आहेत, घोडं अडतं ते लाईट, कोल्ड चेन, सप्लाय आणि रिपेअरपाशी.

लाईटचं बघा. केनिया, युगांडा, नायजेरियात व्होल्टेज आपल्यासारखंच, 230-240, 50 हर्ट्झ, म्हणून इथलं मशीन तिथे चालतं, फक्त प्लग वेगळा, तीन चौकोनी पिनांचा. अमेरिकेतून दान आलेलं मशीन असेल तर मागची पाटी वाचल्याशिवाय प्लग लावूच नका, फक्त 110 व्होल्टचं निघालं तर पहिल्याच दिवशी जळेल. पीसीआरचा एक रन दीड-दोन तासांचा, तेवढा वेळ लाईट गेली तरी मशीन चालेल असा ऑनलाईन यूपीएस घ्या, त्याच्या आधी स्टॅबिलायझर. फ्रीजरला मात्र जनरेटरच लागतो.

फ्रीजर घेताना फ्रॉस्ट-फ्री अजिबात नको. बर्फ जमू नये म्हणून तो मधून मधून स्वतःला गरम करतो आणि त्यात एन्झाइम (रिअॅक्शन चालवणारी प्रथिनं) हळूहळू मरतात. साधा, हाताने डीफ्रॉस्ट करायचा उणे 20 चा घ्या. आता एक फुकटचा जुगाड: पेल्यात पाणी गोठवा, वर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि पेला फ्रीजरमध्येच राहू द्या. सोमवारी दार उघडल्यावर नाणं वरच असेल तर ठीक, बर्फाच्या आत किंवा तळाशी गेलं असेल तर शनिवार-रविवारी लाईट बराच वेळ गेली होती, मग लॉगबुकात काहीही लिहिलेलं असो. टॅक पॉलिमरेज, म्हणजे डीएनएच्या कॉप्या करणारं एन्झाइम, त्याच्याकडे बघून हे कळणार नाही, ते 50 टक्के ग्लिसरॉलमध्ये येतं त्यामुळे उणे 20 लाही पातळच राहतं. प्रायमर (कोणता तुकडा कॉपी करायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) आणि मास्टर मिक्स (रिअॅक्शनचं तयार मिश्रण) आल्या दिवशीच छोट्या ट्यूबमध्ये वाटून ठेवा, पुन्हा पुन्हा वितळवायचं काम नको.

मे महिन्यात नागपुरात ज्यानी कुरिअरचा थर्माकोलचा डबा उघडून आतले मऊ पडलेले जेल पॅक दाबून पाहिलेत त्याला कोल्ड चेन वेगळी समजवायला नको. तिथे त्यात भर पार्सलच्या कस्टम्समधल्या मुक्कामाची. ड्युटी माफीचं पत्र इन्स्टिट्यूटच्या नावानी आधीच काढून घ्या, जमेल तिथे वाळवलेलं मास्टर मिक्स मागवा, ते साध्या तापमानाला प्रवास करतं. आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेनी कोविडमध्ये मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांवर आरटी-पीसीआर बसवली, मे 2021 मध्ये आयसीएमआरनी मान्यता दिली, त्यात आरएनए काढायची महाग किटच गाळली. तुम्हीही आधी काय गाळता येतं तेच बघा. लॅम्प पद्धतीला (डीएनए एकाच तापमानाला वाढवायची पद्धत) तर 60-65 डिग्रीचा एक हीट ब्लॉक पुरतो, पीसीआर मशीनच लागत नाही.

खोल्या किमान दोन. एकीत मिक्स बनवायचं, दुसरीत मशीन आणि जेल (ज्यावर वाढलेला डीएनए पट्ट्यासारखा, म्हणजे बँड म्हणून दिसतो), आणि दुसरीतला माणूस, कोट, पिपेट, पेनसुद्धा त्या दिवशी पहिलीत परत जायचा नाही. झालेल्या रिअॅक्शनच्या एका ट्यूबमध्ये डीएनएच्या अब्जावधी कॉपी असतात, झाकण उघडलं की हवेत, पुढे प्रत्येक सॅम्पल पॉझिटिव्ह. म्हणून मिक्सच्या खोलीत सीलिंग फॅन बंद, आणि आपला लाडका कूलर तर नकोच नको. टेबल ब्लीचनी पुसा, पातळ केलेलं ब्लीच रोज नवं. प्रत्येक रनमध्ये डीएनए ऐवजी नुसतं पाणी घातलेली एक ट्यूब ठेवा, तिच्यात बँड दिसला तर तो पूर्ण रन फेका, वाद नको.

पिपेट (थेंबाथेंबानी द्रव मोजायचं साधन) बरोबर मोजतं का हे तपासायला, म्हणजे कॅलिब्रेशनला, कंपनीचा माणूस येईपर्यंत थांबू नका. चांगला वजनकाटा असेल तर पाणी तोला, 100 मायक्रोलिटर म्हणजे साधारण 100 मिलिग्रॅम, फार फरक आला तर ते पिपेट बाजूला.

ट्रेनिंग एकाला कधीच देऊ नका, तो पोस्टडॉकला गेला की लॅबला कुलूप. दोन टेक्निशियन, शिवाय इन्स्टिट्यूटचा इलेक्ट्रिशियन किंवा बायोमेडिकल इंजिनिअर घ्या, त्याला फ्यूज आणि पंखे बदलायला शिकवा. मशीन त्याच ब्रँडचं घ्या ज्याचा सर्व्हिसवाला त्या शहरात आहे, स्वस्त-महाग नंतर, आणि एएमसीचे (वार्षिक देखभाल कराराचे) पैसे पहिल्याच बजेटमध्ये वेगळे काढा.

सॅम्पल कुणाचे, डेटा कुणाचा, पेपरवर पहिलं नाव कुणाचं हे जायच्या आधी लेखी करा. आणि यलो फीव्हरची लस निघायच्या किमान 10 दिवस आधी घ्या, कार्ड पासपोर्टसोबतच ठेवा, नाहीतर परत येताना क्वारंटाईनमध्ये बसवतात.